तांबड्या फुलीची फळी

"लाकूड माझ्याशी खोटं बोलूच शकत नाही!"

रामलिंग सुतारानं एसटी थांब्याजवळच्या हॉटेलात, गुळाच्या कोऱ्या चहाचा घोट घेत, हे वाक्य असं काही टाकलं की ऐकणाऱ्यांनी आधी आपल्या बुडाखालच्या बाकाकडं संशयानं पाहिलं. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. बाकी सगळ्याचा दुष्काळ असला तरी खामगव्हाणात फुशारकीला काही तोटा नव्हता, आणि ती मारायचा हक्क त्या आठवड्यात एकट्या रामलिंगकडं होता.

तसा रामलिंग जन्मानं सुतार, पण वाकसाशी त्याचं कधी जमलं नाही. लहानपणी पहिल्याच घावाला लाकूड सोडून त्यानं स्वतःचा अंगठा तासला. बापानं वाकस काढून घेतला आणि हातात पाटी दिली. पुढं रामलिंग मॅट्रिक झाला आणि गावातल्या सुतारांनी मिळून सहकारी सोसायटी काढली तेव्हा तिचा सेक्रेटरी झाला. अंगठा मात्र अजून जरा चपटा आहे.

त्याला सोसायटीनं सरकारी लाकूड केंद्रावर शिकायला पाठवलं होतं. तिथून तो परत आला तो एक सुई घेऊन!

सुई म्हणजे शिवायची नव्हे. एक लाकडी मूठ, मुठीला सैल बसवलेली पितळी दांडी, दांडीला एक बाक, आणि बाकाच्या टोकाला सुई. मूठ धरून हलक्या हातानं फळीवरून ओढायची. मूठ सरळ चालते, पण मागची सुई मोकळी असते. ती हाताला वाटेल तिकडं जात नाही, लाकडाचे धागे ज्या बाजूला गेले असतील त्या बाजूला जाते आणि जाता जाता बारीक रेघ ओढते. लाकडाच्या पोटात काय चाललंय ते लाकडाच्या पाठीवर लिहून देते म्हणा ना.

सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा चेअरमन आबाराव स्वतः हजर होते. रामलिंगनं कडुलिंबाच्या फळीवर सुई टेकवली आणि ओढली. सुई दोन हात नीट गेली, मग कुणी बोलावल्यागत डावीकडं सरकत सरकत फळीच्या काठावरून बाहेरच निघून गेली.

"तू वाकडी वढलीस," आबाराव म्हणाले.

"आबा, तुम्ही ओढा."

आबारावांनी मूठ धरली. दात-ओठ खाऊन, जीभ बाहेर काढून, अगदी ओळंब्यात धरल्यासारखा हात सरळ नेला. सुई पुन्हा डावीकडं गेली आणि त्याच जागी बाहेर पडली! पहिल्या रेघेच्या शेजारून दुसरी रेघ, जणू दोघी जावा पाण्याला निघाल्या होत्या.

आबारावांनी डोक्यावरचा पटका काढून काखेत घेतला. एवढा मान त्यांनी तहसीलदारालासुद्धा दिला नव्हता.

"आरं, हिला शिकीवलं कुणी?"

"कुणी नाही. लाकूडच सांगतं, ही फक्त ऐकते," रामलिंग म्हणाला. खरं सांगायचं तर त्याच्याही अंगावर काटा आला होता. केंद्रावर त्यानं हे शंभरदा पाहिलं होतं, पण आपल्या गावच्या लिंबाच्या पोटातलं गुपित असं उघडं पडताना पाहून त्याला पहिल्या दिवसाइतकंच नवल वाटलं.

मग त्यानं नियम सांगितला. धागे फळीच्या काठाला धरून सरळ चालले तर फळी जोरकस. वीस इंच जाता जाता रेघ एक इंच सरकली, तरी हरकत नाही. पण आठ-दहा इंचांतच इंचभर तिरपी झाली, की वजन पडल्यावर फळी त्या तिरप्या धाग्यानंच चिरणार. आबारावांनी मान हलवली. नियम त्यांना अर्धाच कळला, पण सुईवर त्यांचा पूर्ण विश्वास बसला, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

आता एवढं सगळं कशासाठी, तर सोसायटीचा जीव टांगणीला लागला होता. पाऊस नाही, म्हणून पेरणी नाही, पेरणी नाही म्हणून नांगर कोण करून घेणार? बैलं छावणीत नाहीतर बाजारात, मग गाडीला चाक कशाला? ज्या हातांनी तिफणी घडवल्या ते हात दुष्काळी कामावर खडी फोडत होते. बलभीम सुतार, ज्याच्या हाताखालची गाडी बार्शीच्या बाजारात ओळखू यायची, तो संध्याकाळी लाल मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, भाकरी खाताना हातातला तुकडा धरू शकत नव्हता, इतके फोड आले होते.

अशात बातमी आली की तालुक्यात सरकारी विहिरी खोदायला घेतल्यात. विहिरीच्या तोंडावर आडव्या टाकायला, ज्यावर उभं राहून माणसं मुरमाची टोपली वर ओढतात, तशा दणकट फळ्या हव्यात. इंजिनिअर साहेब स्वतः येऊन फळ्या पाहणार. पटल्या तर सगळं काम खामगव्हाणच्या सोसायटीला. सगळे सुतार खडीवरून परत शेडमध्ये. नाही पटल्या तर सोलापूरच्या वखारीला.

"साहेबाला सुई दाखवू," आबाराव म्हणाले. "सोलापूरवाल्याकडं सुई हाय का?"

"नाही!" रामलिंग छाती काढून म्हणाला.

"मंग झालं काम!"

दुसऱ्या दिवसापासून रामलिंगनं सोसायटीतला माल तपासायला घेतला. माल म्हणजे बहुतेक बाभळीच्या फळ्या, जाड, काळसर, शेडच्या कोपऱ्यात वर्षभर वाळलेल्या. सुई टेकवली की बाभूळ तिला नाचवायला लागायची. जरा इकडं, जरा तिकडं, गाठ आली की वळसा. रामलिंग मान हलवायचा आणि तांबड्या रंगाच्या डब्यात कुंचला बुडवून फळीवर भली मोठी फुली मारायचा. नापास!

"आरं ए शहाण्या, ही बाभळ हाय, बाभळ!" बलभीम ओरडला. "हिच्यावर गाव हुबा ऱ्हाईल!"

"मग सुई खोटं बोलते का?"

बलभीमनं सुईकडं पाहिलं. मग फळीकडं पाहिलं. इतकी वर्षं बाभळीशी झटापट केलेला तो गडी, पण त्यानं त्या रेघा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्याचा आवाज खाली आला.

"न्हाय बा. सुई म्हंती तर आसल कायतरी."

गावात हा हा म्हणता बातमी झाली. बायाबापड्या लाकडाच्या वस्तू घेऊन शेडपुढं बसायला लागल्या. कुणी पाट आणला, कुणी काटवट आणली, एकीनं तर लाटणं आणलं. रामलिंगनं समजावलं की गोल लाटण्याची रेघ काढून उपयोग नाही, तेव्हा ती म्हणाली, "उपेग न्हाई कसा? माजी जाऊ ह्येनंच मारती!" एका घरी पोरीचं लग्न होतं, त्यांचा चौरंग नापास झाला म्हणून मुलाकडच्यांनी मुहूर्त खोळंबवला आणि शेजारच्या वाडीतून पास झालेला चौरंग येईपर्यंत नवरदेव उन्हात उभा राहिला.

दगडाबाई आली ती मोकळ्या हातानं, फक्त तिची शेळी बरोबर. ही म्हातारी गावात कुणालाच भीत नव्हती.

"रामलिंगा, माज्या तळहाताची बग की रं. रेगा वाकड्या हायती का सरळ?"

"आजे, ही सुई लाकडाची आहे!"

"आता माज्यात आन् लाकडात काय फरक ऱ्हायलाय?" म्हातारी म्हणाली आणि हात पुढं करूनच बसली. शेवटी त्यानं सुई वरचेवर फिरवून "विसात एक, आजे, पास!" म्हणून सांगितलं, तेव्हा ती शेळीला घेऊन उठली. आणि जाता जाता सगळ्यांना सांगत गेली.

पण सगळ्यात मोठा पराक्रम रामलिंगनं घरात केला. त्याची बायको महानंदा हिला माहेरहून आंदणात आलेली एक बाज होती. सासरे वीरप्पा यांनी खास उमरग्याहून करून आणलेली, रंगीत पायांची, गावात नाव असलेली. एका दुपारी रामलिंगनं तिच्या लांब दांड्यावर सुई ओढली. रेघ हातभरही न जाता तिरपी होऊन काठाबाहेर पडली.

"सहात एक!" रामलिंग दचकून म्हणाला आणि त्यानं बाजेवरही तांबडी फुली मारली. "आजपासून खाली झोपायचं."

"माज्या बापानं दिल्याली बाज नापास?" महानंदाचा आवाज ओसरीवर गेला. "सा वर्सं झोपताव हिच्यावर, तवा न्हाय मोडली! तुमची ती सुई आल्यापून मोडती व्हय?"

"धागा तिरपा आहे, महानंदा. कधीतरी मोडणार."

"कदीतरी तर मानूसबी मरतंय! म्हून काय आजच तिरडी बांदायची?"

पण रामलिंग ऐकेना. बाज भिंतीला उभी केली गेली, आणि ती उकाड्याची रात्र नवराबायकोनं जमिनीवर, विंचवाच्या धाकात, एकमेकांकडं पाठ करून काढली. गावातल्या निम्म्या घरांत हीच गत होती, हे कळल्यावर रामलिंगला बरंच वाटलं. शास्त्रासाठी कुणीतरी सोसलंच पाहिजे.

साहेब यायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी रामलिंग हार आणायला कळंबला गेला. आणि इकडं आबारावांच्या डोक्यात एक कल्पना आली.

शेडमध्ये आंब्याच्या दोन-तीन फळ्या पडल्या होत्या, पांढुरक्या, कीड लागलेल्या. साहेबापुढं टेबल तर हवं. आबारावांनी महारुद्र पेंटरला बोलावलं. महारुद्र म्हणजे जत्रेतल्या तमाशाचे पडदे, दुकानांच्या पाट्या आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारा कलावंत. त्या साली ना जत्रा, ना पोळा. हात नुसते शिवशिवत होते.

"म्हारुद्रा, ह्या आंब्याच्या फळ्या जरा सागवानी करून ठिव. साहेबाचं टेबल करायचंय. बगणाऱ्याला सागवान वाटलं पायजे, बास."

महारुद्रनं जीव ओतला. आधी फळीवर खडू आणि सरसाची जाड लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लेप, भरली. ती ओली असतानाच बायको कडूबाईची लाकडी फणी घेतली, श्वास रोखला आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढली. मग तपकिरी रंग, मग वरून वार्निश. सकाळपर्यंत सगळं दगडासारखं वाळलं. आपली फणी कुठं गेली म्हणून कडूबाई गल्लीभर शोधत होती, ते वेगळं.

सकाळी रामलिंग एसटीतून उतरला, हातात हार, आणि शेडमध्ये शिरला तो तिथंच थबकला. भिंतीला सागवान उभं होतं! काय ते धागे! काठाला धरून, एकमेकाला धरून, वरून खालपर्यंत एकही रेघ तसूभर ढळलेली नाही. त्यानं हार खुंटीला अडकवला आणि सुई टेकवली.

सुई रुळावरच्या आगगाडीसारखी निघाली. ना डावीकडं, ना उजवीकडं. पार टोकाला जाऊन थांबली. रामलिंगनं पट्टी लावली. पुन्हा लावली. त्याचे डोळे पाणावले.

"आबा! विसात एक न्हाय, साठात एक न्हाय! ही सरकतच न्हाय!" आनंदानं त्याच्या तोंडून शाळेतली भाषा गळून पडली. "आसलं लाकूड केंद्रावर बी बगितलं न्हाय म्या! कुठून आणलंत?"

आता खरं तर आबारावांनी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही होतं. "आरं, ती तर..." इथपर्यंत आलेही होते. पण तेवढ्यात त्यांची नजर सुईनं ओढलेल्या त्या रेघेवर पडली. आंबा आहे हे त्यांना माहीत होतं. किडका आहे हेही माहीत होतं. पण सुईनं पास केला होता! महारुद्राच्या लांबीत कायतरी गुण असेल, वार्निशात काही औषध असेल, नाहीतर आंब्याचंच दैव उघडलं असेल. सुई म्हणते त्यापुढं आपण कोण? आबारावांनी पटका काखेत घेतला आणि तोंड मिटलं.

फळी उचलताना बलभीम तेवढं म्हणाला, "सागवान आन् येवढं हलकं?"

"मुरलेलं लाकूड हलकंच असतं," रामलिंगनं ठणकावलं.

सोसायटीच्या अंगणात करवतीचा खड्डा होता. मोठा ओंडका खड्ड्यावर आडवा टाकून एक जण वर, एक जण खाली उभा राहून जिथं करवत ओढतात, तो. पुरुषभर खोल आणि तळाला वर्षानुवर्षांचा भुसा. रामलिंगनं ठरवलं की परीक्षा खड्ड्यावरच घ्यायची, म्हणजे साहेबाला विहीरच वाटेल. खड्ड्याच्या एका टोकाला त्यानं ती सुंदर फळी आडवी टाकली. दुसऱ्या टोकाला पोरंबाळं पडू नयेत म्हणून बलभीमनं एक नापास बाभूळ अशीच टाकून ठेवली होती.

साहेब जीपमधून उतरले. उंच, वाळके, धुळीनं भुरके झालेले; दुष्काळी कामांवर फिरून फिरून बोलणं कमी झालेलं. अख्खा गाव जमला होता. हार झाला, सरबत झालं. मग रामलिंगनं सुई दाखवली. साहेबांनी ती हातात घेऊन वळवून पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

"गावात ही सुई? वा! आता वजन ठेवून दाखवा. वाळूची पोती आणा."

"पोती कशाला, साहेब?" रामलिंग म्हणाला. आता त्याला कुणी थांबवू शकत नव्हतं. "मी स्वतः उभा राहतो. विहिरीवर शेवटी माणूसच उभा राहणार!"

"जपून."

"साहेब, लाकूड माझ्याशी खोटं बोलूच शकत नाही!"

आणि रामलिंग फळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. हात कमरेवर. गर्दीतून "आह्हा" असा आवाज आला. खडी फोडणारे सुतार ओळीनं उभे होते, घण खांद्यावर, डोळे फळीवर. त्यांच्याकडं पाहून रामलिंगला भरून आलं. आज ह्यांच्या हातातले घण खाली ठेवायला लावतो, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि साहेबांना दाखवायला म्हणून जागच्या जागी एक लहानशी उडी मारली.

"कट्."

आवाज अगदी बारीक होता. फळीवरची एक खपली उडाली. रामलिंगनं खाली पाहिलं. तपकिरी सागवानाखाली पांढरं काहीतरी दिसत होतं. "हे काय..." एवढं म्हणायला त्याला वेळ मिळाला. मग "कडाड्!" आणि सेक्रेटरी पास झालेल्या फळीसकट खड्ड्यात दिसेनासे झाले!

भुसा असा उडाला की क्षणभर खड्डा धुमसल्यासारखा वाटला. "मेला! मेला!" असा ओरडा झाला आणि अख्खा गाव मेलेला रामलिंग बघायला पळाला. मोडक्या बाजूला जायची हिंमत कुणाची होणार? सगळे दुसऱ्या टोकाच्या बाभळीवर चढले. जेवढे मावतील तेवढे, मग आणखी थोडे. आबाराव चढले. बलभीम घणासकट चढला. दगडाबाई शेळीसकट चढली.

रामलिंगला काही झालं नव्हतं. भुसा मऊ होता. तो उताणा पडला होता आणि नाकातोंडातला भुसा झटकून त्यानं डोळे उघडले, तर वर काय दिसावं?

बाभळीची फळी. खालच्या बाजूला त्यानंच मारलेली भली मोठी तांबडी फुली. तिच्या दोन्ही काठांवरून बाहेर आलेली पायांची बोटं, चपला, शेळीचे खूर. वर सगळा गाव वाकून त्याच्याकडं बघत होता, धक्काबुक्की करत होता, आणि फळी? फळी तसूभर वाकली नव्हती. हूं की चूं नाही! उन्हाच्या तिरिपेत ती आभाळाला आडवी पडलेली, काळी, वाकड्या धाग्यांची, आणि ढिम्म.

रामलिंग पाहतच राहिला. लाज वाटायला हवी होती, पण ती नंतर आली. आधी आलं ते नुसतं नवल. आपण हिला नापास केलं आणि हिनं त्याचा राग न धरता गाव पेलला, असं त्याला वाटलं. भुशात पडल्या पडल्या त्यानं तिला हात जोडले.

"हात जोडतोय! म्हंजे जित्ता हाय!" वरून दगडाबाई ओरडली.

त्याला वर काढलं. साहेब मोडकी फळी हातात घेऊन उभे होते. त्यांनी खपलीखालच्या उघड्या आंब्यावर सुई ओढली. ती आडवी पळाली. मग रंगवलेल्या बाजूवर ओढली. ती रंगाखालच्या चरांतून बाणासारखी सरळ गेली. साहेबांनी पुन्हा तसंच केलं. 

"हे कुणी केलं?"

महारुद्र पुढं आला. आता बेड्याच, असं धरून त्यानं हात आधीच पुढं केले होते. "म्या, साहेब. फणीनं."

"पट्टी लावून?"

"न्हाय, साहेब. नुसत्या हातानं. फणी बायकूची हाय, तिचा काय गुन्हा न्हाय."

"नुसत्या हातानं!" साहेबांनी फळी डोळ्यापाशी धरून काठावरून पाहिलं. "आमच्या ऑफिसात इतकी सरळ रेघ एकालाही येत नाही!"

महारुद्रनं हात मागं घेतले. त्याच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते पाहून कडूबाईनं फणीचं भांडण तिथंच सोडून दिलं.

साहेब आबारावांकडं वळले. "आंबा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं?"

"मला ठावं हुतं की," आबाराव म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"सुईनं पास केली, साहेब! सुईफुडं म्या काय बोलू?"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. काम गेलं, असं सगळ्यांना वाटलं. बलभीमनं खाली ठेवलेला घण पुन्हा खांद्यावर घेतला. ते पाहिलं आणि तेव्हा कुठं रामलिंगला खरी लाज वाटली, आणि ती इतकी वाटली की भुशात परत जाऊन पडावं असं झालं.

"साहेब," तो पुढं होऊन म्हणाला, "चूक माझी. सुतारांची नाही. त्यांनी बाभूळच दाखवली होती. मी फुल्या मारल्या."

"सुईची काही चूक नाही," साहेब म्हणाले. "जिच्यावरून ओढाल तिचं ती खरं सांगते. पण आधी लाकूड कुठलं ते विचारायचं, मग रेघ." मग त्यांनी बाभळीकडं बोट केलं. "त्या फळीवर आत्ता किती माणसं होती?"

आबाराव बोटांवर मोजत पुटपुटले, अडकले, आणि त्यांनी नम्रपणे विचारलं, "शेळी धरायची का, साहेब?"

साहेब हसले. असे हसले की जीपचा ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. मग दुपारभर एकेक बाभूळ खड्ड्यावर आडवी पडली आणि तिच्यावर गाव चढला, उतरला. दोन फळ्या कुरकुरल्या, त्या साहेबांनी बाजूला काढल्या. बाकी सगळ्यांनी गाव पेलला. जाताना जीपमधून मान बाहेर काढून साहेब म्हणाले, "ह्या तांबड्या फुलीच्या सगळ्या पाठवा. विहिरीवरच्या लोकांना सांगून ठेवतो, फुली नसेल त्या फळीवर पाय ठेवू नका!"

झालं! सुतारांनी घण फेकले. शेडमध्ये करवत वाजायला लागली. आणि रामलिंगच्या नशिबी काय आलं? दुसऱ्या दिवशीपासून तो तांबड्या रंगाचा डबा घेऊन बसला आणि चांगल्यात चांगल्या फळीवर, आपल्या हातानं, नापासाची फुली मारायला लागला. आधी सुई ओढायचा, रेघ मोजायचा, बाभूळ असली तरी फारच तिरपी निघाली तर ती कोरीच ठेवून चुलीकडं धाडायचा. तालुक्यात पुढं फुली म्हणजे भरवसा असंच झालं. कळंबच्या बाजारात लोक पाटालासुद्धा फुली मागायला लागले.

पण ते पुढं. त्या दिवशी साहेब गेल्यावर रामलिंग कमरेला हात लावून घरी आला. महानंदानं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या केसातला भुसा पाहिला, आणि भिंतीला उभी केलेली बाज खाली टाकली. वर वाकळ अंथरली. फुलीवरून पदरानं धूळ पुसली.

"पडा आता. माज्या बापाची बाज हाय, आन् वरनं फुली हाय. बिनघोर झोपा!"

रामलिंगला वाद घालायची ताकद नव्हती. तो हळूच बाजेवर टेकला. मग आडवा झाला. बाज कुरकुरली नाही. वीरप्पांचा फोटो भिंतीवरून समाधानानं पाहत होता. महानंदा पदर खोचून, जिंकल्यासारखी, बाजेच्या काठावर त्याच्या शेजारी बसली.

"कट्."

दोघंही एकदमच जमिनीवर होती. रामलिंगनं उठायच्या आधी मान वळवून दांड्याकडं पाहिलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. दांडा चिरला होता, आणि चिरला होता तो बरोबर सुईनं ओढलेल्या रेघेवरून! केसाइतकंही अंतर नाही. जिथून सुई काठाबाहेर पडली होती, तिथूनच चीर बाहेर पडली होती. ती रेघ त्यानं बोटानं धरून पाहिली, देवाच्या पायाला लावावं तसं हलकं बोट लावून.

"बघितलंस? महानंदा, बघितलंस?" तो कुजबुजला. "सुई खरं बोलत होती!"

महानंदानं बापाच्या फोटोकडं पाहिलं, मोडक्या दांड्याकडं पाहिलं, मग त्या तांबड्या फुलीकडं पाहिलं. 

"ते समदं खरं," ती म्हणाली. "पर आता ही फुली पुसू का ठिवू?"